फुजी दिसलाच नाही, तरी बाबा फुजी चढून आले (फुजिनोमियाचं म्युझियम)

तिखटपुरी | सोमवार, रात्री ११:४०

लोकहो, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी टोकियोत निशिकासाईला राहते. बाबा महिनाभरासाठी आलेत, वय ७२, पाटबंधारे खात्यातून रिटायर. विमानतळावरच म्हणाले, मला बाकी काही दाखवलं नाहीस तरी चालेल, तो डोंगर तेवढा दाखव. आता जून म्हणजे इथला पावसाळा, फुजी महिन्यातून दोन-चार वेळा दिसला तरी नशीब म्हणायचं, आणि गुडघ्यांमुळे चढायचा प्रश्नच नाही (चढायच्या वाटा उघडतात पण जुलैत). मग नवरा म्हणाला डोंगराचं म्युझियम आहे तिथे तरी ने, पाऊस असला तरी छपराखाली.

तर ते म्हणजे फुजिनोमिया गावातलं फुजी जागतिक वारसा केंद्र. फुजीला युनेस्कोचा दर्जा मिळाला २०१३ मध्ये, तोसुद्धा निसर्ग म्हणून नाही तर श्रद्धेचं ठिकाण आणि चित्रकारांची प्रेरणा म्हणून, आणि हे केंद्र उघडलं २०१७ च्या डिसेंबरात. इमारत शिगेरू बान या जपानी वास्तुविशारदाची. समोर मोठी लाल तोरी कमान, मागे पाण्याचा उथळ हौद आणि त्यात लाकडी जाळीचा उलटा शंकू उभा केलाय, खाली निमुळता वर पसरट. बाबा म्हणाले हे काय, कणगी उलटी ठेवलीय का. मी म्हटलं पाण्यात बघा. पाण्यात तो सुलटा दिसतो, म्हणजे फुजी! पण पाऊस भुरभुरत होता त्यामुळे पाण्यातला फुजीसुद्धा सारखा मोडत होता. दोन मिनिटं थांबलो, एकदा पाणी स्थिर झालं तेव्हा दिसला. जाळी तिथल्याच हिनोकी लाकडाची आहे, बाबांनी हात फिरवून वास घेऊन बघितला.

तिकीट ३०० येन, ७० आणि त्यावरच्यांना फुकट (पासपोर्ट जवळ ठेवा, वय दाखवावं लागतं). बाबांना हे इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत तीनदा सांगून झालं.

आत त्या शंकूच्या पोटातून गोल गोल वर जाणारा रॅम्प आहे, १९३ मीटर लांब. भिंतींवर सगळीकडे व्हिडिओ, सुरुवात समुद्राच्या बाजूने, मग जंगल, मग झाडं विरळ होत जातात, मग नुसता काळा-लाल खडा, ढग खाली जातात. म्हणजे तुम्ही चालताय रॅम्पवर पण चढताय फुजी. लिफ्ट आहे पण बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काठी टेकत, दर वळणावर थांबत, थांबलं की "किती आलो?" भिंतीवर मधेच चढणाऱ्या लोकांच्या सावल्या जातात, ओझं घेतलेल्या. अशी एक सावली मागून आली तर बाबा चक्क बाजूला झाले आणि हात पुढे करून म्हणाले, "या, या, तुम्ही व्हा पुढे." मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

सगळ्यात वर एक मोठी मोकळी खिडकी आहे, चौकटीत बरोब्बर फुजी बसेल अशी. चौकटीत काय होतं? ढग. पांढरा पडदा. एक पिवळी टोपी घातलेली जपानी आजी उभी होती, तिने बाबांकडे बघितलं आणि हवेत बोट फिरवून डोंगराची रेघ काढून दाखवली, डावीकडून वर, माथा सपाट, उजवीकडे खाली. म्हणजे इथे आहे तो. बाबांनी त्या बोटाच्या दिशेने हात जोडले. मला म्हणाले, आषाढीला गर्दीत आत जाता येत नाही तेव्हा कळस बघून परततोच की आपण. मी म्हटलं बाबा इथे तर कळससुद्धा दिसत नाहीये. तर म्हणे, तिला दिसतोय ना.

उतरताना बाकीची दालनं आहेत, ज्वालामुखी, देवपण, चित्रं, पाणी आणि जंगल. त्याचं उद्या लिहिते, झोप आलीय. कोणी गेलंय का तिथे? आणि पुढच्या शनिवारी दुसरं काय दाखवू?

---

मोदकप्रिय | मंगळवार, सकाळी ७:१५

छान लिहिलंय, पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

एक सावधगिरीची सूचना सगळ्यांना: असं केंद्र डोंगराच्या दोन बाजूंना दोन आहे!! एक तुम्ही गेलात ते शिझुओका प्रांतातलं आणि एक उत्तरेला यामानाशी प्रांतात कावागुचिको तळ्याजवळ. नावं जवळजवळ सारखी. आमच्या ट्रॅव्हलवाल्याने (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) आयटिनररीत उलट्या शंकूचा फोटो छापला आणि बस नेऊन उभी केली कावागुचिकोला. आई विचारतेय ते पाण्यातलं कुठंय, गाईड म्हणतो मॅडम पाणी मागे तळ्यात आहे.

तेही वाईट नाही बरं का. तिथे वाशी म्हणजे पारंपरिक जपानी कागदाचा प्रचंड फुजी केलाय, १:१००० प्रमाणात, त्यावर दिवे बदलत जातात, पहाट, दुपार, हिवाळा. पण फोटो बघून गेलेल्या माणसाला दुसरंच ताट वाढलं तर जेवण गोड लागत नाही.

---

साडेतीन_शहाणा | मंगळवार, सकाळी ९:०२

राग मानू नका पण मला हा प्रकार कळत नाही. खरा डोंगर बाहेर उभा आहे आणि आपण आत जाऊन भिंतीवर व्हिडिओ बघायचा? उद्या सिंहगडाच्या पायथ्याला सिंहगडाचा थ्रीडी शो काढतील आणि वर कोणी जाणारच नाही. इंटरॅक्टिव्ह इंटरॅक्टिव्ह म्हणजे काय तर स्क्रीनला बोट लावायचं. ते मी घरी पण करतोच दिवसभर.

---

घाटवाट्या | मंगळवार, सकाळी ९:४८

@साडेतीन_शहाणा, मी २०२३ मध्ये खरा डोंगर चढलोय, योशिदा वाटेने, म्हणून अधिकारवाणीने बोलतो. पाचव्या टप्प्यापर्यंत बस जाते, २३०० मीटरपर्यंत. तिथून पुढे रात्री हेडटॉर्च लावून जे चालू होतं ते म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत दादरचा पूल. माथ्याजवळ तर एक पाऊल, थांबा, एक पाऊल, थांबा. ३७७६ मीटरवर पोचलो तेव्हा सूर्य बघण्यापेक्षा पुढच्या माणसाची सॅकच जास्त बघितली. पायाखाली काय तर भुसभुशीत खडी, सह्याद्रीसारखा हाताला धरायला कातळ नाही, झाड नाही, उतरताना घसरत घसरत बुटात दोन किलो खडे. जपानी म्हण आहे की एकदा न चढणारा मूर्ख आणि दोनदा चढणाराही मूर्ख, मी पहिल्यातून सुटलो, दुसरा व्हायचा नाही.

आता तर २०२५ पासून चारही वाटांना माणशी ४००० येन घेतात, दुपारी दोननंतर वाटेवरच्या झोपडीत मुक्कामाचं बुकिंग नसेल तर वर सोडत नाहीत. बरोबरच आहे म्हणा.

आणि खरं सांगू का, चढून आलो तरी त्या डोंगराबद्दल मला काडीची माहिती नव्हती. आठव्या टप्प्याच्या वरचा सगळा माथा एका देवळाच्या मालकीचा आहे हे मला परत आल्यावर कळलं. आणि ते देऊळ तिखटपुरींच्या म्युझियमपासून चार पावलांवर आहे! तिथे गेलात की नाही?

---

निशिकासाईची_मावशी | मंगळवार, दुपारी १:२०

अगं तू निशिकासाईची आणि मला माहीत नाही? संपर्कातून निरोप टाक, बाबांना घेऊन ये जेवायला.

@साडेतीन_शहाणा, तुम्ही जून-जुलैत येऊन दाखवा. मी इथे १४ वर्षं आहे, उन्हाळ्यात फुजी म्हणजे लाजरी नवरी. बघायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊच्या आत. पण लोकांची सुट्टी मे-जूनची, तिकिटं मुलांच्या शाळेवर ठरतात, ढगांवर नाही.

पुढच्या शनिवारसाठी सांगते. फुजियोशिदाला रडार डोमचं म्युझियम आहे, तिथे ने बाबांना, सरकारी खात्यातला माणूस आहे तर शंभर टक्के आवडेल. १९५९ मध्ये इसे-वान टायफून आलं, पाच हजारांच्या वर माणसं गेली. त्यानंतर ठरलं की वादळ लांबूनच दिसायला हवं, मग सगळ्यात उंच जागा कोणती, तर फुजीचा माथा. १९६४ मध्ये तिथे रडार बसवलं, घुमटाचा सांगाडा हेलिकॉप्टरला टांगून वर नेला. ८०० किलोमीटरवरचं वादळ दिसायचं त्यातून. पुढे उपग्रह आले, १९९९ मध्ये ते बंद केलं आणि तोच घुमट खाली आणून म्युझियम केलं. आत एक खोली आहे, तिच्यात माथ्यावरची थंडी आणि वारा सोडतात. माझ्या मिस्टरांची टोपी उडाली होती. हे स्क्रीनला बोट लावणं नव्हे हं शहाणे!

---

तिखटपुरी | मंगळवार, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार, मावशी निरोप टाकलाय :)

@घाटवाट्या, हो गेलो ना. फुजिसान होंगू सेंगेन ताइशा, फुजीच्या देवीचं मुख्य ठाणं, देवीचं नाव कोनोहानासाकुया-हिमे. आत्ताचं देऊळ तोकुगावा इएयासूने (तेव्हाचा शोगुन, म्हणजे जपानचा सत्ताधीश) १६०४ मध्ये बांधून दिलं, दोन मजली, देवळावर देऊळ ठेवल्यासारखं. पण बाबा रमले कुठे तर शेजारच्या कुंडावर, वाकुतामा नाव. फुजीवर पडलेला पाऊस आणि बर्फ लाव्हाच्या थरांतून झिरपत झिरपत येऊन इथे वर येतो, तळातली वाळू दिसते इतकं स्वच्छ आणि जूनमध्ये हात बधिर होईल इतकं गार. जुने यात्रेकरू आधी इथे अंघोळ करून मग चढायला लागायचे. बाबा काठावर उकिडवे बसले (गुडघ्यांचं काय झालं तेव्हा कोण जाणे) आणि तळाकडे बघत विचारतात, "डिस्चार्ज किती असेल?" ३४ वर्षांची नोकरी, काय करणार.

अजून एक म्हणजे म्युझियममध्ये एसीला हेच झऱ्याचं पाणी फिरवतात आणि मग ते समोरच्या हौदात सोडतात, ज्यात तो उलटा फुजी सुलटा दिसतो. हे कळल्यावर बाबा परत हौदापाशी आले आणि पाणी कुठून आत येतं कुठून बाहेर जातं ते फिरून बघितलं. मी पावसात छत्री धरून मागे. एकदा पाणी वापरलं की गटारात नाही सोडलं, याचं त्यांना त्या जाळीपेक्षा जास्त कौतुक.

दालनांचं राहिलं. मला सगळ्यात भिडलं ते श्रद्धेचं. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) फुजीच्या भक्तमंडळ्या होत्या, फुजी-को म्हणायचे. गल्लीतली माणसं दर महिन्याला थोडे थोडे पैसे जमवायची आणि दर वर्षी चिठ्ठी काढून काहीजणांना सगळ्यांच्या वतीने डोंगरावर पाठवायची. भिशी!! सरळ सरळ भिशी. आणि ज्यांना जाताच येत नाही त्यांच्यासाठी टोकियोत फुजीचा लाव्हा आणून छोटे छोटे फुजी रचलेले, फुजिझुका, अजूनही आहेत काही. म्हणजे खरा डोंगर सोडून खोटा डोंगर चढायची सोय यांनी दोनशे वर्षांपूर्वीच केली होती, @साडेतीन_शहाणा.

---

साडेतीन_शहाणा | मंगळवार, रात्री ११:३०

भिशीवाला मुद्दा मान्य. व्हिडिओवाला नाही.

---

बेसाल्ट | बुधवार, सकाळी ८:१०

वाचनखूण साठवली. थोडी दगडधोंड्यांची भर घालतो, अवांतर वाटल्यास सोडून द्या.

घाटवाट्या म्हणतात सह्याद्रीसारखा कातळ नाही, पण गंमत अशी की दगड एकाच कुळातला आहे, दोन्ही बेसाल्ट. आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून पसरला, थरावर थर, नंतर पावसाने कापून त्याचे कडे झाले. फुजी म्हणजे कालचं पोर. त्याच्या पोटात आधीचे डोंगर गाडलेत, वरचा आज दिसणारा फुजी साधारण दहा हजार वर्षांत उभा राहिलाय. इतका नीटस दिसतो कारण झिजायला वेळच मिळालेला नाही. साडेसहा कोटी वर्षं मुंबई-कोकणातला पाऊस खाल्ला असता तर त्याचाही हरिश्चंद्रगड झाला असता.

शेवटचा उद्रेक १७०७ चा, होएई उद्रेक म्हणतात. आपल्याकडे औरंगजेब मेला तेच वर्ष. आधी ऑक्टोबरात प्रचंड भूकंप झाला आणि ४९ दिवसांनी १६ डिसेंबरला डोंगर फुटला, पण माथ्यातून नाही, कुशीतून. राख एदोपर्यंत म्हणजे आजच्या टोकियोपर्यंत पडली, दिवसा दिवे लावायची वेळ आली. दक्षिणेकडून फुजी बघितला तर उजव्या अंगाला जो खड्डा दिसतो तो हाच. चित्रात सहसा दाखवत नाहीत, नवरीचा फोटो काढताना डाग असलेली बाजू टाळतात तसं.

तेव्हापासून गप्प आहे. मेलेला मात्र नाही.

---

रुखवत | बुधवार, दुपारी १२:४५

माझा लेक ६ वर्षांचा, ऑक्टोबरात जातोय, त्याला झेपेल का? आणि बाबांची पहिल्या पोस्टमधली सावली वाचून ऑफिसात डोळ्यात पाणी आलं, शेजारचा विचारतो कांदा आणलास का.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा: शाकाहारी काय खाल्लंत?

---

तिखटपुरी | बुधवार, रात्री ९:३०

@रुखवत, सहा वर्षांच्या मुलाला रॅम्प मस्त, पळत सुटेल. आजी-आजोबा व्हीलचेअरवर असले तरी जमेल. पाट्या बऱ्याच जपानीत आहेत, मी फोनचा कॅमेरा धरून ट्रान्सलेट करत होते, बाबांना मात्र भाषांतर नकोच होतं, ते चित्रं बघून स्वतःच गोष्ट लावत होते आणि बहुतेक बरोबर लावत होते. महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी बंद असतं, तेवढं टाळा.

जायचं कसं: टोकियोहून कोदामा शिनकानसेन (बुलेट ट्रेन), शिन-फुजीला उतरायचं (नोझोमी ही जास्त जलद गाडी तिथे थांबत नाही, घाईत चढू नका), तिथून बसने फुजिनोमिया. फुजिनोमिया स्टेशनवरून चालत आठेक मिनिटं. शिनकानसेनमध्ये ई सीट घ्या, फुजी उजव्या हाताला येतो. आम्ही पण घेतली होती. ढगांचा सुंदर व्ह्यू मिळाला.

खाणं. तर फुजिनोमियाचा याकिसोबा (परतलेल्या नूडल्स) प्रसिद्ध आहे, जपानभरच्या गावठी खाण्यांच्या स्पर्धेत पहिला आलेला, देवळासमोरच्या गल्लीत तव्यावर परततात, वास असा की पाय आपोआप वळतात. पण त्यात चरबी कढवून उरलेले डुकराचे तुकडे असतात, ते नको म्हणून सांगितलं तरी वरून भुरभुरतात ती पूड माशाची. म्हणजे आमच्यासाठी संपलं. त्यात त्या दिवशी एकादशी! मी राजगिऱ्याचे लाडू नेलेले, ते बाबांनी शिन-फुजी यायच्या आधीच संपवले. मग स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात काय मिळालं माहितेय का, भाजलेलं रताळं. कागदी पिशवीत, गरमागरम, साल ओढली की सुटणारं, आत मध भरल्यासारखं. बाबा बाकावर बसून रताळं खातायत, समोर ढगात फुजी. म्हणाले, या लोकांचं उपासाचं बरं आहे.

मी मात्र त्यांच्या समोर बसून याकिसोबा खाल्ला. खोटं कशाला सांगू.

---

निशिकासाईची_मावशी | बुधवार, रात्री १०:१०

रताळ्याला +१. हिवाळ्यात गाडीवाला हाक देत फिरतो.

ते श्रद्धेचं दालन निघालंय म्हणून सांगते, बायकांना १८७२ पर्यंत माथ्यावर बंदी होती. त्याच्या ४० वर्षं आधी, १८३२ मध्ये, ताकायामा तात्सू नावाची बाई पुरुषाचा वेष करून चढून आली. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचं गाजत होतं, २०१६ ची गोष्ट. मी मिस्टरांना म्हटलं बघा.

---

साडेतीन_शहाणा | बुधवार, रात्री १०:२२

आता शनिशिंगणापूरवर दोनशे प्रतिसाद पडणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

घाटवाट्या | बुधवार, रात्री १०:४०

नाही पडणार. धागा डोंगराचा आहे, डोंगरावरच राहू द्या.

तिखटपुरी, बाबांना अजून एक जागा दाखवता येईल, त्याच गावाच्या वरच्या अंगाला, यामामिया सेंगेन देऊळ. तिथे गाभाराच नाही. दगडांची रांग मांडलीय आणि समोर मोकळं, झाडांच्या फटीतून फुजी. डोंगर हाच देव मग मूर्ती कशाला. तुमच्या आजींनी बोटाने रेघ काढली ना, ते वाचताना मला हीच जागा आठवली. आणि शहाणे, तुमच्या मुद्द्याचं उत्तर मला तिथे मिळतं, या लोकांनी हा डोंगर चढण्याच्या कितीतरी आधी नुसता लांबून बघितलाय. रॅम्पवरून बघितला काय न् बोळातून बघितला काय.

---

साडेतीन_शहाणा | गुरुवार, सकाळी ७:५०

बरं बाबा. जानेवारीत जाऊन बघतो. तिकीट ३०० येनच आहे ना?

---

तिखटपुरी | गुरुवार, सकाळी ८:३०

३०० च. ७० चे झालात की फुकट.

मला एक तांत्रिक मदत हवीय. बाबांनी त्या कुंडाचं पाणी बाटलीत भरून आणलंय, अर्धा लिटर. फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात आहे, वर मराठीत चिठ्ठी लावलीय "हात लावू नये". ते त्यांना गावी न्यायचंय. चेक-इन बॅगेत चालतं का पाणी?

---

मोदकप्रिय | गुरुवार, सकाळी ९:०५

चेक-इनमध्ये चालेल, आई गंगाजल तसंच नेते. झाकणाला चिकटपट्टी, मग प्लास्टिक पिशवी, मग जुन्या टॉवेलात गुंडाळा. हातातल्या बॅगेत अजिबात नको, १०० मिलीच्या वर सोडत नाहीत.

---

तिखटपुरी | गुरुवार, सकाळी ९:४०

वाचून दाखवलं. म्हणतात सामानात टाकणार नाही, मांडीवरच घेऊन बसणार. सिक्युरिटीवाल्याला काय सांगायचं ते त्यांनी ठरवून ठेवलंय, मला सांगत नाहीयेत.